सैन्यांत अधिकारी व्हावयाचें, तर कोणत्या दारानें?

बारावीची परीक्षा जवळ येऊं लागली कीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस मुलांच्या भवितव्याची चिंता पडते, हें नेहमींचेंच. वैद्यकी, अभियांत्रिकी, हिशेबतपासनिसाची परीक्षा हे ठरलेले रस्ते सर्वांच्या परिचयाचे असतात, व त्यांविषयीं सल्ला देण्यास घरांत चार अनुभवी माणसेंहि असतात. परंतु एखाद्या घरीं चिरंजीव, किंवा आतां कन्याहि, पानावर बसल्या बसल्या सांगून टाकतात कीं, मला सैन्यांत अधिकारी व्हावयाचें आहे. मग आजींचा घास हातांतच राहतो, काकांना स्फुरण चढतें, आणि वडील धोरणी मुद्रेनें विचारतात, "बरें, त्यासाठीं चांगलें कॉलेज कोणतें?"

वडिलांच्या ह्या प्रश्नासाठीं आम्हीं ह्या महिन्याचें सदर राखून ठेविलें आहे. प्रश्न वावगा नाहीं, पण तो विचारण्याची रीत चुकते. फर्ग्युसन बरें कीं स. प. बरें हा वाद आपण पिढ्यान् पिढ्या घातला. तसा खडकवासला बरें कीं देहरादून बरें हा वाद घालतां येत नाहीं. सैन्याच्या प्रबोधिन्या म्हणजे एकमेकींच्या शेजारीं मांडलेलीं दुकानें नव्हेत. प्रत्येकीचें दार वेगळ्या वयाला उघडतें, आणि वेगळ्या बोलीवर आंत घेतें. तेव्हां घरानें ठरवावयाचें तें इतकेंच कीं, हें मूल सतराव्या वर्षीं बाहेर द्यावयाचें कीं एकविसाव्या, आणि जन्माच्या नोकरीसाठीं द्यावयाचें कीं दहा वर्षांच्या करारानें. एवढें ठरलें म्हणजे कॉलेज आपोआप ठरतें.

निवड करण्याइतकीं दारें असावींत हीच मुळीं नवलाची गोष्ट आहे. आपल्या पणजोबांच्या काळीं हिंदी तरुण सैन्यांत सुभेदार होऊं शके; लढाऊ पलटणींत पूर्ण अधिकाराचें राजाचें कमिशन त्याच्या वांट्याला येत नसे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, इंग्लंडांतील सँडहर्स्ट येथें हिंदी उमेदवारांसाठीं वर्षाला दहा जागा ठेवण्यांत आल्या. दहा जागा, आणि त्यांचा खर्च सोसेल असें घर! त्याच सुमारास इंदूरच्या डेली कॉलेजांत एक तात्पुरता वर्ग काढण्यांत आला. पुढें स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी सरसेनापति झालेले करिअप्पा त्याच वर्गांतून निघाले. आपल्याकडील शंकरराव थोरात, जे पुढें लेफ्टनंट जनरल झाले, ते सँडहर्स्टचे. देहरादून येथें हिंदी लष्करी प्रबोधिनी निघाली ती १९३२ सालीं, आणि पहिल्या तुकडींत अवघे चाळीस कॅडेट होते. त्यांत अमृतसरचा एक पारशी मुलगा होता. वैद्यकी शिकावयास लंडनला पाठवा असा त्याचा हट्ट, आणि वडिलांचा नकार. त्या रागाच्या भरांत त्यानें देहरादूनची परीक्षा दिली. तोच पुढें फील्डमार्शल माणेकशा झाला. आईबापांच्या नकाराचीं फळें नेहमींच इतकीं गोड निघतात असें मात्र कोणी समजूं नये.

आजच्या दारांपैकीं सर्वांत लहान वयांत उघडणारें दार आपल्या अंगणांतलेंच आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेली एन्. डी. ए., पुण्याच्या नैर्ऋत्येस खडकवासल्याच्या जलाशयाकाठीं आहे. तिन्ही दलांच्या मुलांना एकत्र शिकविण्याची कल्पना १९४९ च्या जानेवारींत देहरादून येथें प्रथम अमलांत आली; त्याच वर्षीं ६ ऑक्टोबर रोजीं पंडित नेहरूंच्या हस्ते खडकवासल्यास कोनशिला बसली, आणि १९५५ च्या जानेवारींत प्रबोधिनी तेथें रीतसर सुरू झाली. तिच्या मुख्य इमारतीस सुदान ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांत सुदानच्या बाजूस लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ तेथील सरकारनें एक लक्ष पौंड दिले होते. फाळणींत त्यांतील भारताच्या वांट्यास जी रक्कम आली तिचा विनियोग ह्या वास्तूसाठीं झाला. समोर सिंहगड दिसतो. कॅडेटांच्या एका कठीण छावणीस तर तोरण्याचेंच नांव आहे. पुण्याच्या मुलास हें सर्व ओळखीचें वाटतें, आणि त्यामुळें तेथील जीवनहि ओळखीचें असेल असा त्याच्या आईचा समज होतो. तो समज पहिल्या आठवड्यांतच दूर होतो. घर अर्ध्या तासावर असलें तरी मुलगा घरीं येत नाहीं, हें मनाशीं आधींच पक्कें करावें.

येथें प्रवेशाचें वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदां घेतो. गणिताला तीनशें गुण आणि सामान्य ज्ञान, इंग्रजी, विज्ञान, इतिहास वगैरेंच्या पत्रिकेस सहाशें. पुढें निवडमंडळाच्या मुलाखतीस पुनः नऊशें गुण असतात. प्रत्येक परीक्षेला जागा चारशेंच्या आसपास, आणि अर्ज करणारे लाखांनी. भूदलासाठीं कोणत्याहि शाखेची बारावी चालते; नौदल व वायुदल यांस पदार्थविज्ञान, रसायन व गणित हे विषय लागतात. येथें पुष्कळांची एक फसगत होते. कलाशाखेचा विद्यार्थी भूदलास पात्र ठरतो खरा, पण गणिताची पत्रिका त्यालाहि सुटत नाहीं. दहावीनंतर गणितास कायमचा रामराम ठोकून मग सतराव्या वर्षीं खडकवासल्याचें स्वप्न पाहणें म्हणजे पोहणें न शिकतां नदीचा उतार शोधणें होय.

निवड झाल्यावर तीन वर्षें, सहा सत्रें, मुलगा खडकवासल्यास राहतो. पहांटेच्या कवाइतीपासून घोड्यावरील बैठकीपर्यंत सर्व आलें. त्याबरोबर अभ्यासहि आला, आणि शेवटीं दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी हातीं येते. जो मागें पडतो त्यास एक सत्र पुनः करावें लागतें. घरच्या लाडक्या मुलास हा धक्का फार मोठा असतो. पुढें भूदलाचा कॅडेट एक वर्ष देहरादूनला जातो, नौदलाचा केरळांतील एझिमळा येथील नौदल प्रबोधिनींत, वायुदलाचा हैदराबादेजवळील डुंडिगल येथें. म्हणजे जो मुलगा सतराव्या वर्षीं आंत गेला, तो एकविसाव्या वर्षीं लेफ्टनंट होऊन बाहेर पडतो. सर्व खर्च सरकारचा. घरावर पडतो तो किरकोळ खिसाखर्चाचा भार.

लहान वयांत गेल्याचा एक लाभ पुढें तीसपस्तीस वर्षांनीं दिसतो, व तो घरांत फारसा कोणी हिशेबांत धरीत नाहीं. सैन्यांतील निवृत्ति हुद्यावर व वयावर ठरते. लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षीं घरीं बसतो. एकविसाव्या वर्षीं खांद्यावर तारे चढलेल्यास वरच्या पायऱ्या चढण्यासाठीं जो अवधि मिळतो, तो पंचविसाव्या वर्षीं चढलेल्यास मिळत नाहीं. शिवाय नौदलाचा व वायुदलाचा अधिकारी ज्याचा खोलीतला सोबती होता, त्याला उद्यां तिन्ही दलांच्या कामांत कोणाकडे शब्द टाकावा हें विचारावें लागत नाहीं.

असें असूनहि आम्ही प्रत्येक मुलास खडकवासल्याचीच वाट दाखविणार नाहीं. सतराव्या वर्षीं स्वतःचें मन ओळखणारीं मुलें असतात, पण तीं थोडीं. पुष्कळांना गणवेषाचें आकर्षण असतें. कोणास चित्रपटाची झिंग असते. कोणाला अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेंतून सुटका पाहिजे असते. अशा मुलांसाठीं देहरादूनचें दुसरें दार आहे, आणि तें पदवीनंतर उघडतें. लोकसेवा आयोगाचीच 'सी. डी. एस.' नांवाची परीक्षा वर्षांतून दोनदां होते. इंग्रजी, सामान्य ज्ञान व प्राथमिक गणित यांस प्रत्येकी शंभर गुण. वय एकोणीस ते चोवीस, उमेदवार अविवाहित पाहिजे. निवड झाली कीं सुमारें दीड वर्षाचें शिक्षण देहरादूनलाच होतें, आणि कमिशन मिळतें तें कायमचें. खडकवासल्याहून आलेल्याच्या व ह्याच्या खांद्यावरील तारे सारखेच.

आमचें स्वतःचें मत विचाराल, तर आपल्या घरांतील वाचनाची आवड असलेल्या, थोड्या उशीरा उमलणाऱ्या मुलांस हें दुसरें दार अधिक मानवतें. इतिहास, अर्थशास्त्र, यंत्रशास्त्र, जें आवडेल तें तीन-चार वर्षें मनापासून शिकावें, महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेनेंत भाग घ्यावा, सह्याद्रीचे कडे चढावेत, आणि मग जावें. तोंवर इच्छा टिकली तर ती खरी. विरली तर नुकसान कोणाचेंहि नाहीं. घरच्यांनीं मात्र एक पथ्य पाळावें. मुलगा परीक्षेची तयारी करीत असतां आत्याबाईंनीं स्थळें आणूं नयेत.

आतां तिसरें दार, आणि घरोघरीं सर्वांत अधिक गैरसमज होतो तो ह्याचा. १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर अधिकाऱ्यांची तातडीनें गरज पडली, त्यांतून १९६३ सालीं मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईस, एक शिक्षणसंस्था निघाली. १९८८ पासून ती ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमी ह्या नांवानें ओळखली जाते. येथून मिळतें तें अल्पमुदतीचें कमिशन. शिक्षण एकूणपन्नास आठवड्यांचें, वयाची मर्यादा देहरादूनपेक्षां एक वर्षानें अधिक, आणि लेखी परीक्षेंत गणिताची पत्रिका नाहीं. त्यामुळें 'गणित नको ना, मग चेन्नई' असा सोपा निर्णय पुष्कळ मुलें परस्पर घेऊन मोकळीं होतात. चेन्नईहून बाहेर पडलेल्या लेफ्टनंटाच्या हातांखालील जवान, त्याची पलटण, त्याच्यापुढील धोका हीं सर्व देहरादूनच्या लेफ्टनंटासारखींच असतात. उणीव असते ती मुदतींत. करार दहा वर्षांचा, तो आणखी चार वर्षें वाढूं शकतो. दहा वर्षांनंतर कायम होण्याची संधि असते, परंतु ती निवडीनें मिळते, हक्कानें नव्हे. आणि अधिकाऱ्यास निवृत्तिवेतनासाठीं वीस वर्षांची नोकरी लागत असल्यामुळें, चौदा वर्षें देशाची सेवा करून आलेला मेजर घरीं येतो तो उपदान घेऊन, निवृत्तिवेतन घेऊन नव्हे.

हें कळल्यावर घाबरून जावें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास पस्तिशीच्या आंत दुसरा व्यवसाय करण्याची उमेद आहे, त्याच्यासाठीं ह्यापरतें चांगलें विद्यालय क्वचित् असेल. तिशीच्या आंत शंभर माणसांची जबाबदारी ज्यानें वाहिली त्याला उद्योगधंद्यांत जागा मिळते. पण ज्या घरांत धाकट्या भावंडांचें शिक्षण व वृद्ध आईबाप यांचा भार एकट्या मुलावर पडणार आहे, त्या घरानें हीं दहा वर्षें संपल्यानंतरचें अकरावें वर्ष आज कागदावर मांडून पाहावें. मुलगा चाळिशीकडे झुकलेला, दोन मुलें शाळेंत, आणि पुनः नोकरीचा अर्ज! घर हें जाणून असेल तर चेन्नईचें दार उत्तम; न जाणतां गेलेल्याच्या वांट्याला मात्र ऐन प्रपंचाच्या भरांत मनस्ताप येतो.

अभियांत्रिकीकडे कल असलेल्या मुलांचे मार्ग थोडक्यांत सांगतों. बारावीच्या गुणांवर व अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेच्या आधारें भूदल थेट मुलें निवडतें, आणि तीं पुणें, महू किंवा सिकंदराबाद येथील सैन्याच्याच महाविद्यालयांत अभियंते होतात. नौदलाचीहि तशीच योजना एझिमळ्यास आहे; ही नौदल प्रबोधिनी २००९ सालीं तेथें स्थिर होण्यापूर्वीं कांहीं वर्षें गोव्यांत मांडवीच्या काठीं होती, हें आमच्या गोमंतकीय वाचकांस आठवत असेल. वायुदलाची पदवीनंतरची परीक्षा वेगळी असते. विमान चालविण्याची हौस असणाऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: वैमानिकाच्या योग्यतेची जी यंत्रावरील कसोटी असते, ती जन्मांत एकदांच देतां येते. नापास झाला तर विमानचालनाचें दार कायमचें बंद, मग दुसरीं कामें. म्हणून 'सहज देऊन पाहूं' असें म्हणून ह्या कसोटीस बसूं नये.

मुलींच्या बाबतींत आपल्या घरांतून अद्याप जुनेंच ऐकूं येतें, म्हणून येथें थोडें थांबतों. भूदलानें वैद्यकीय शाखेबाहेर स्त्रियांस अधिकारी म्हणून घेण्यास १९९२ सालीं आरंभ केला, तोहि अल्पमुदतीनें. १७ फेब्रुवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, भूदलाच्या ज्या शाखांत स्त्रिया काम करतात तेथें त्यांसहि कायम कमिशनचा अधिकार आहे. पुढच्याच वर्षीं न्यायालयाच्या आदेशानें खडकवासल्याची परीक्षा मुलींस खुली झाली. २०२२ सालीं पहिली तुकडी आंत गेली, आणि ३० मे २०२५ रोजीं सतरा मुली तीन वर्षांचें शिक्षण पुरें करून मुलांच्या रांगेंत संचलन करीत बाहेर पडल्या. तोफखान्याचें दार स्त्रियांस २०२३ सालीं उघडलें. पायदळ व रणगाडे यांचा प्रश्न तेव्हां बाजूसच राहिला. तेव्हां मुलीच्या घरानें आजोबांची संमति मिळविण्यापूर्वीं कायदा काय म्हणतो हें पाहण्याचें कारण उरलें नाहीं. कायद्यानें आपलें काम केलें आहे. आजोबांचें काय तें घरानेंच पाहावें. एवढें मात्र सांगतों कीं, मुलास परवानगी देतांना जे प्रश्न विचारले तेच मुलीस विचारावेत, अधिक नकोत. 'लग्नाचें काय?' हा प्रश्न तिच्या भावास कोणी विचारला होता काय?

कित्येक घरें ह्याहि मागें जातात व पांचवी-सहावींतच मुलास 'सैनिकी' शाळेंत घालतात. ह्याविषयीं आम्हांस स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. देशांत असें एकहि विद्यालय नाहीं कीं, जेथें शिकल्यानें अधिकारपद मिळतें. देहरादूनचें राष्ट्रीय भारतीय लष्करी महाविद्यालय १९२२ पासून चालू आहे. आठवींसाठीं तेथें प्रवेश मिळतो, पण प्रत्येक प्रांताच्या वांट्यास जागा मूठभर. देशांतील पहिली सैनिक शाळा १९६१ सालीं आपल्या साताऱ्यास निघाली, आणि पुढें वायुदलाचे प्रमुख झालेले प्रदीप नाईक तेथलेच. रेवा येथील सैनिक शाळेंतील तर दोन वर्गमित्र २०२४ सालीं एकाच वेळीं भूदलाचे व नौदलाचे प्रमुख होते. नाशिकचें भोसला विद्यालय डॉ. मुंज्यांनीं १९३७ सालीं स्थापिलें. ह्या संस्थांनीं मुलांस पुष्कळ दिलें. तरीहि त्यांतील प्रत्येकास शेवटीं त्याच लेखी परीक्षेच्या व त्याच निवडमंडळाच्या दारांतून जावें लागलें. उलट जनरल मनोज नरवणे हे पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीचे विद्यार्थी, आणि ते २०१९ च्या अखेरीस सरसेनापति झाले. आतां तर खेड्याच्या वेशीवर, उसाच्या शेतांत, 'मिलिटरी' हें नांव लावून वसतिगृहें निघाली आहेत. मुलांस हिरवा गणवेष घालतात, सकाळीं दोन मैल पळवितात, आणि पालकांकडून मोठमोठ्या रकमा घेतात. पाटीवरील नांव वाचून पैसे भरूं नयेत. गणित कोण शिकवितो तें विचारावें.

ह्याच्या जोडीला सरकारचीच एक सोय आपल्या राज्यांत आहे, तिची माहिती पुष्कळांस नसते. महाराष्ट्र शासनानें १९७७ सालीं औरंगाबादेस, आजच्या छत्रपति संभाजीनगरास, सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. दहावीनंतरच्या मुलांस निवडून दोन वर्षें बारावीच्या अभ्यासाबरोबर खडकवासल्याच्या परीक्षेची तयारी तेथें करून घेतात. मुलींसाठीं तशीच संस्था अलीकडे नाशिकास निघाली आहे. दहावीच्या मुलाच्या घरीं ही गोष्ट वेळेवर कळली तर पुष्कळ खर्च वांचेल. आणखी एक घोटाळा निस्तरून टाकतों: २०२२ सालची अग्निवीरांची योजना जवानांसाठीं आहे, चार वर्षांची आहे, अधिकाऱ्यांच्या ह्या दारांशीं तिचा संबंध नाहीं.

लेखी परीक्षेनंतरचें निवडमंडळ हा खरा उंबरठा. भोपाळ, बंगळूर, प्रयागराज अशा ठिकाणीं पांच दिवस मुलें ठेवून घेतात. पहिल्याच दिवशीं बुद्धीच्या कसोटीनें व एका अस्पष्ट चित्रावरील गोष्टीनें निम्म्याहून अधिक मुलें परत जातात. राहतील त्यांस साठ शब्द दाखवितात, प्रत्येकास पंधरा सेकंद, आणि मनांत येईल तें वाक्य लिहावयास सांगतात. अर्ध्या तासांत साठ अडचणींचे प्रसंग सोडवावयास देतात. चित्रें दाखवून गोष्टी लिहवून घेतात. दोन दिवस मैदानांत फळ्या, दोर व पिंपें देऊन सहा-आठ मुलांस मिळून अडथळा ओलांडावयास लावतात. येथें सर्वांत मोठ्यानें ओरडणारा पुढारी ठरत नाहीं. ज्याची सूचना उपयोगी पडते व जो दुसऱ्याची सूचना चांगली असतां ती उचलून धरतो, त्याकडे परीक्षकांची नजर जाते. मुलाखतींत घरचें विचारतात. बाजारहाट कोण करतें, आजारी माणसाची उस्तवार कोणी केली, धाकट्या बहिणीचा अभ्यास कोण घेतो, मित्राशीं भांडण झालें तेव्हां काय केलें. म्हणून आमचें असें मत आहे कीं, एकत्र कुटुंबांत ज्या मुलास कामें सांगितलीं गेलीं आहेत तो तेथें अडखळत नाहीं, आणि ज्याच्या आईनें पाण्याचा पेलाहि हातांत आणून दिला त्यास चार आठवड्यांच्या शिकवणीवर्गांत पढविलेलीं उत्तरें उपयोगीं पडत नाहींत. घरीं पाहुणे आले असतां त्यांच्याशीं चार वाक्यें नीट बोलण्याचा सराव ह्या शिकवणीहून अधिक कामाचा. एकदां परत आलेला मुलगा पुनः जाऊं शकतो. वय आहे तोंवर दार बंद होत नाहीं. एखाद्या तुकडींतून एकहि मुलगा न निवडला गेल्याचे प्रसंग येतात, तेव्हां शेजाऱ्यांस पेढे वाटण्याची घाई आधींच करूं नये आणि अपेशाची लाजहि धरूं नये.

एक विषय घरांत कोणी काढीत नाहीं, तो आम्ही काढतों. शिक्षण कठीण असतें, आणि त्यांत गंभीर जखमी होऊन कांहीं मुलें कमिशन मिळण्यापूर्वींच परत येतात. अशा मुलांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नव्हता. कारण कागदोपत्रीं तीं अजून सैनिक झालींच नव्हतीं. विशीच्या आंतील मुलगा अपंग होऊन घरीं, आणि सारा औषधोपचार आईबापांच्या पदरीं, अशीं घरें देशांत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें ह्या गोष्टीची आपण होऊन दखल घेतली, आणि त्यानंतर माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचा लाभ अशा मुलांस देण्यांत आला. लढाईंतील धोका सर्वांस ठाऊक असतो व तो पत्करूनच घर मुलाला देतें. पण कवाइतीच्या मैदानावरील हा धोका आईच्या कल्पनेंतहि नसतो. तिला तो आधीं सांगावा, लपवूं नये. ऐकून ती जर म्हणाली कीं, 'जाऊं दे त्याला', तर त्या संमतीला अर्थ आहे.

ज्या घरीं विचार पक्का झाला असेल त्यांनीं अर्ज भरण्यापूर्वीं डोळ्यांच्या वैद्याकडे मुलास नेऊन दृष्टि व रंगांची ओळख तपासून घ्यावी. गुडघे एकमेकांस लागतात काय, तळपाय सपाट आहेत काय, कानांतून ऐकूं बरोबर येतें काय, हेंहि पाहावें. वर्ष-दोन वर्षांच्या तयारीनंतर वैद्यकीय तपासणींत हें निघणें फार कष्टदायक होतें. खडकवासल्याची लेखी परीक्षा सामान्यतः एप्रिलांत व सप्टेंबरांत असते, आणि तिच्या जाहिराती डिसेंबरांत व मे महिन्यांत निघतात. जन्मतारखेच्या मर्यादा त्या जाहिरातींत दिलेल्या असतात. त्या शाळेच्या दाखल्याशीं ताडून पाहाव्यात, कारण एका दिवसाच्या फरकानेंहि अर्ज फेटाळला जातो. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयांत १९६२ पासून डॉक्टरकीचें शिक्षण मिळतें, त्याचे नियम अगदीं वेगळे असल्यामुळें त्याविषयीं पुढील अंकीं लिहूं.